छबूवहिनींच्या नावावरची गाय

आमच्या घोडेगावात माणूस परदेशी जातो तो दोनच कारणांनी. एक नोकरीला, दुसरं लेकीच्या बाळंतपणाला. तिसरं कारण गावाला ठाऊक नाही. त्यामुळे छबूवहिनी ऑस्ट्रेलियाला निघाल्या अशी बातमी फुटली, तेव्हा निम्म्या गावानं मला रस्त्यात अडवून विचारलं, की गुरुजी, ज्ञानेश्वरीला कितवा? ज्ञानेश्वरी त्यांची एकुलती एक लेक आणि माझी विद्यार्थिनी. आता नवऱ्याबरोबर मेलबर्नला असते. तिला कितवाही नव्हता. मी सांगायचो, अहो, वहिनी सुट्टीला चालल्यात, नुसत्या सुट्टीला. लोक एकमेकांकडे बघून हसायचे, म्हणजे गुरुजी काही पोटातलं सांगत नाहीत. एका घरून तर डिंकाचे लाडू आले, लेकीला पाठवा म्हणून. ते मी खाल्ले. लाडू चांगले होते.

वहिनींचा नवरा गहिनीनाथ माझा शेजारी, आणि घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातला जुना दलाल. बाजार दर शुक्रवारी. एक्केचाळीस वर्षांत त्यानं एक शुक्रवार चुकवलेला नव्हता. स्वतःच्या लग्नाची तिथी शुक्रवारची निघाली तर ती त्यानं बदलून घेतली. त्याच्या धंद्याचे तीन नियम आहेत, ते आधी सांगितले पाहिजेत. पहिला, भाव तोंडानं बोलायचा नाही. टॉवेलाखाली हातात हात घालायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा, आणि वर तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा मारायच्या. दुसरा, जे जनावर मनात भरलं त्याचीच खोड काढायची. ज्यानं गरज दाखवली तो बुडाला. तिसरा, गाय विकली तरी तिचं दावं विकायचं नाही. गिऱ्हाईकानं आपलं दावं आणावं. मालक आपलं सोडून घरी नेतो, म्हणजे दावण मोडत नाही, त्या खुंट्याला पुन्हा जनावर येतं.

हे नियम त्यानं बाजारापुरते ठेवले असते तर मला हे लिहावं लागलं नसतं. पण हा माणूस मेथीची जुडीसुद्धा खोडी काढून घेतो. अडतीस वर्षांच्या संसारात त्यानं वहिनींच्या भाकरीला एकदाही चांगली म्हटलं नाही. चांगली म्हटलं की भाव वाढतो, असं तो वहिनींच्या तोंडावर म्हणायचा आणि तिसरी भाकरी मागायचा.

आणि वहिनी? पहाटे पाचला धारा, संध्याकाळी पाचला धारा. मधल्या वेळात शेण, वैरण, स्वयंपाक. जनावरांना रविवार नसतो, म्हणून वहिनींनाही नव्हता. घराबाहेर मुक्काम असा त्यांनी एकदाच केला, ज्ञानेश्वरीच्या वेळी, नगरच्या दवाखान्यात, तीन दिवस. त्या लेकीनं एक दिवस फोनवर सांगितलं, की आई, तू वर्षभर इकडं ये, काही करू नकोस, नुसती बस. वहिनींनी मला विचारलं, गुरुजी, नुसतं बसून काय करायचं असतं? मी निवृत्त होऊन सात वर्षं झाली, मलाच अजून ते कळलेलं नाही. पण पुढच्याच आठवड्यात त्यांच्या पायात नवे बूट दिसले, चिकटवायच्या पट्टीचे. बूट घालून त्या गोठ्यात चालायची सवय करत होत्या. तेव्हा मी समजलो की यांना जायचंय, आणि भरपूर जायचंय.

वहिनींना एकटं सोडायचं नाही म्हणून गहिनीनाथही निघाला, आणि दोघांच्या व्हिसाचं काम केडगावच्या प्रशांतकडे दिलं. पुणे रस्त्याला हार्डवेअरच्या दुकानावर त्याचं ऑफिस आहे. दोघांनी मलाही बरोबर नेलं, कारण मला इंग्रजी येतं असा गावाचा समज आहे आणि तो मी मोडलेला नाही. प्रशांतनं फॉर्म पुढे ओढला आणि वर न बघताच विचारलं, बाळंतपण का? वहिनी म्हणाल्या, "न्हाई. सुट्टी." त्याचं पेन थांबलं. मग म्हणाला, तसाही रकाना आहे यात. आमच्या भागातून तो आजवर कुणी वापरला नसावा.

त्यानं समजावून सांगितलं. पाहुण्यांच्या व्हिसात एका वेळी तीन महिने राहता येतं, सहा राहता येतं, नाहीतर बारा. तुम्हाला किती हवेत ते ठरवा आणि मागा, द्यायचे किती ते तिकडचे लोक ठरवतील. आणि या व्हिसावर तिथं काम करायचं नाही. वहिनींनी विचारलं, काम करायचं नाही म्हणजे कायद्यानंच का? हो, म्हणाला, कायद्यानंच. वहिनींनी तो छापील कागद हातात घेतला. इंग्रजी त्यांना येत नाही, तरी बराच वेळ बघत राहिल्या.

इकडे गहिनीनाथनं ऑस्ट्रेलियाच्या खोडी काढायला सुरुवात केली. देश लांब आहे. चहूबाजूंनी पाणी आहे. तिथं म्हणे डिसेंबरात उन्हाळा असतो, म्हणजे मुळातच खोड आहे. एवढं करून तो प्रशांतला म्हणाला, की गाय घेताना आम्ही दोन धारा काढून बघतो, तसे आधी थोडे दिवस राहून बघू आणि मग किती महिन्यांचा व्हिसा घ्यायचा ते सांगू. प्रशांतनं शांतपणे सांगितलं की तशी सोय नाही. मग गहिनीनाथनं सवयीनं खांद्यावरचा टॉवेल त्याच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं धरली. प्रशांतला वाटलं काकांना चक्कर येतेय. त्यानं दुसऱ्या हातानं पाण्याचा ग्लास पुढे केला.

वहिनी माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "पंधरा दिस." मी चमकलो. टॉवेलाखालचा आकडा टॉवेलाबाहेर कुणाला कळत नाही. पण अडतीस वर्षं जिनं त्या माणसाचा खांदा पाहिलाय, तिला कळत होता. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं.

तेवढ्यात प्रशांत बोलून गेला की तीन महिने मागा नाहीतर बारा, फी एकच आहे. गहिनीनाथनं हात सोडला. वासराचा आणि म्हशीचा भाव एकच? असा व्यवहार त्यानं जन्मात पाहिला नव्हता. त्याच्यातला नवरा मागे सरला आणि दलाल पुढे आला. तो म्हणाला, मग तीन घेणारा मूर्ख. आमच्या दोघांचा बाराचा मागा. अशा रीतीनं पंधरा दिवस जाणाऱ्या माणसानं वर्षाचा व्हिसा मागितला, आणि व्हिसाची निवड झाली.

परतीच्या एसटीत वहिनी पुढं बायकांत बसल्या. गहिनीनाथ माझ्या शेजारी होता. त्यानं तिकिटं खिशात ठेवली. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "गुरुजी, तिकडं तिला पाचला उठायला लागनार न्हाई. मानसाला एकदा ती सवय लागली, तर ते परत येतं का हो?"

मी त्याला काहीबाही सांगितलं. खरं म्हणजे मला त्याचा राग आला होता, पण त्याच्या आवाजानं तो जिरला. या माणसाला बायको तिकडंच राहील अशी भीती वाटत होती. आणि भीती दाखवायची नाही हा धंद्याचा नियम, म्हणून तो पंधरा दिवसांवर अडून बसला होता.

गंमत अशी, की ऑस्ट्रेलियालाही नेमकी तीच भीती. पुढच्या आठवड्यात प्रशांतनं सांगितलं, की बारा महिने मागताय तर दोघंही नक्की परत येणार याचे वेगवेगळे पुरावे लागतील. गहिनीनाथचा ढीग लागला. शेताचा सातबारा, घराचा उतारा, विजेचं बिल, डेअरीची कार्डं, सगळ्यांवर त्याचं नाव. मग वहिनींची फाईल उघडली. तिच्यात पासपोर्ट, आधार आणि फोटो. मागं कुठं कुठं प्रवास केला, या रकान्यात प्रशांतनं रेघ मारली. पासपोर्टवर जिल्हा अहमदनगर, नव्या दाखल्यावर अहिल्यानगर. म्हणजे वहिनी कुठेच गेल्या नव्हत्या, तोवर जिल्हाच बदलून गेला होता.

"मावशींच्या नावावर काहीतरी पाहिजे," प्रशांत म्हणाला, "ज्याच्यासाठी त्या परत येतील असं."

आम्ही तिघं विचार करायला लागलो. शेत गहिनीनाथचं, घर त्याचं. धारा वहिनींनी काढायच्या, पण डेअरीच्या पावत्या त्याच्या नावाच्या. मी म्हटलं शिलाई मशीन? ते ज्ञानेश्वरीच्या नावाचं निघालं, शाळेतून बक्षीस मिळालेलं. मीच दिलं होतं. अडतीस वर्षं राबलेल्या बाईला घोडेगावशी बांधणारा एक कागद सापडेना. वहिनींनाही त्याचं नवल वाटलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आता हो, गुरुजी? मी हाय का न्हाई हितं?"

गहिनीनाथचे कान लाल झाले. टेबलावर हात आपटून तो म्हणाला, शेताला बहिणींच्या सह्या लागतात, त्याला वर्ष जाईल. पण गाय मी उद्या नावावर करतो. मैना. दावणीतली सगळ्यांत चांगली. आमच्याकडे गाईच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्याच्यावर नंबर, आणि त्या नंबरापुढं सरकारदरबारी मालकाचं नाव. दुसऱ्या दिवशी आम्ही गुरांच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी विचारलं, नाव का बदलायचं? गहिनीनाथ म्हणाला, हिला ऑस्ट्रेलियाला जायचंय. डॉक्टरांनी मैनेकडे पाहिलं. मी मध्ये पडून खुलासा केला. तरी त्यांना तो नीट पटला नाही, पण दाखला मिळाला, शिक्क्यानिशी. मग पुरावा म्हणून फोटो. वहिनी नऊवारीत, पायात ते बूट, शेजारी मैना, बिल्ला दिसेल असा तिचा कान वहिनींनी हातात धरलेला. वहिनींचा फोटो कधी येत नाही इतका चांगला आला.

परत का येणार, याचं पत्र मी लिहायचं होतं. वहिनींनी सांगितलं आणि मी इंग्रजीत उतरवलं. त्या म्हणाल्या, मैना दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडत नाही, म्हणून मला यावंच लागेल. पान्ह्याला इंग्रजीत काय म्हणतात यात माझी सबंध दुपार गेली. शेवटी मी लिहिलं, की ही गाय फक्त अर्जदार बाईंनाच दूध देते. प्रशांतनं ते वाचलं, डोकं खाजवलं, आणि अपलोड केलं. पुण्याला नेमलेल्या दवाखान्यात दोघांच्या छातीचे फोटोही काढून झाले. डॉक्टरांनी वय विचारलं तर गहिनीनाथनं बाजारात बैलाचे दाखवतात तसे दात दाखवले.

महिन्याभरात उत्तर आलं. दोघांनाही बारा महिने मंजूर.

मला आनंद झाला. वहिनी तर गोठ्यातच खाली बसल्या. आणि गहिनीनाथ मिशीत हसला, कारण त्याला एक गोष्ट आमच्या आधी कळली होती. तो म्हणाला, व्हिसा बारा महिन्यांचा आहे, खरं आहे. पण मैना तर हिच्याशिवाय कुणाला धार देत नाही, तसं सरकारला लिहूनच दिलंय. मग मागं तिची धार कोण काढणार? सड सुजतील, गाय आटेल. तेव्हा पंधरा दिवस कसंतरी निभावू, फार तर सोळा. जी गाय वहिनींना व्हिसा मिळावा म्हणून नावावर केली, तीच आता त्यांना जाऊ देईना. मी त्याला नको ते बोललो. वहिनी उठल्या. पदर खोचून वैरण घालायला गेल्या.

त्यानंतर त्यांच्याकडे तिसगावची झुंबरबाई मुक्कामाला आली. ही बाई स्वतः दहा गाई सांभाळते. गहिनीनाथला सांगितलं लांबची पाहुणी आहे. तो बाहेरच्या बाजारांना जाण्यात दंग, त्यानं विचारलं नाही. चार दिवस पहाटे दोघी बायका मैनेच्या दोन बाजूंना बसायच्या. पाचव्या दिवशी मैनेनं झुंबरबाईच्या हातावर पान्हा सोडला.

पुढचा शुक्रवार. गहिनीनाथ बाजारात अंगद नावाच्या शेतकऱ्याशी टॉवेलाखाली बोटं धरून उभा होता. अंगदचा एक म्हातारा बैल होता, त्याला बाजारात कुणी घेत नव्हतं. गहिनीनाथ तो बैल दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारायच्या बोलीवर होता. एवढ्यात समोरून वहिनी आल्या, हातात मैनेचं दावं, मागं झुंबरबाई. भर बाजारात उभं राहून दोघींनी पदराखाली हात घातले. वर तोंडानं त्या लसणाच्या चटणीविषयी बोलत होत्या. घोडेगावच्या बाजारात पदराखाली सौदा झालेला मी तरी पाहिला नव्हता. आजूबाजूचे सौदे थांबले. गहिनीनाथला असा धक्का बसला, की त्याची बोटं आपोआप दाबली गेली, आणि अंगदचा म्हातारा बैल त्यानं स्वतःच विकत घेतला.

तो धावत आला. व्हिसाची गाय आहे ती, म्हणाला, विकता येत नाही. वहिनींनी कमरेच्या पिशवीतून डॉक्टरांचा शिक्क्याचा दाखला काढला. "माझ्या नावावर हाय," एवढंच म्हणाल्या. झुंबरबाईनं आपलं नवं दावं मैनेच्या गळ्यात घातलं, वहिनींनी जुनं सोडलं. मैना दोनदा मागं वळली. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला आणि रडू दिलं स्वतःला. मला तर काही दिसेनासं झालं, मी चष्मा पुसत बसलो.

आणि मग गहिनीनाथ बोलला. सगळ्या बाजाराच्या देखत, तोंडानं, टॉवेलाशिवाय.

"आता तुला परत यायला हितं काय ऱ्हायलं गं?"

एक्केचाळीस वर्षांत त्या माणसानं बाजारात गरज दाखवली नव्हती. कुणी हसलं नाही. वहिनी त्याच्यापुढं आल्या. मैनेचं जुनं दावं त्यांनी त्याच्या हातात दिलं, शेणामातीनं काळं पडलेलं.

"गाय इकली," त्या म्हणाल्या. "दावं इकलं का?"

मग त्याच्याच खांद्यावरचा टॉवेल ओढून त्यांनी दोघांच्या हातांवर टाकला. त्याचा खांदा एकदा हलला. मला वाटतं त्यानं अर्ध्या बोटाचा हट्ट केला. वहिनी यंदा ज्वारी कशी आहे ते सांगत राहिल्या आणि त्यांनी बोट सोडलं नाही. शेवटी त्यानं मान डोलावली. किती महिने ठरले ते त्या दोघांना माहीत. मी शंभरदा विचारलं असेल. सांगत नाही.

बाकीची जनावरं पंधरा दिवस झुंबरबाईच्या हवाली करून दोघं गेले. गहिनीनाथ पंधरा दिवसांनी एकटा परत आला. त्याचे दोन शुक्रवार चुकले. तिकडच्या गाईंच्या, रस्त्यांच्या, पावाच्या खोडी त्यानं मला आठवडाभर ऐकवल्या, त्यावरून देश फार आवडला असावा. आता वहिनींना जाऊन पाच महिने होत आले. लाडू पाठवणाऱ्या बाई अजून बारशाची वाट बघतायत. गहिनीनाथ पहाटे पाचला उठतो, धारा काढतो. पहिल्या महिन्यात त्याला चमचा धरता येत नव्हता, इतके हात सुजले. तेव्हा माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "गुरुजी, अडतीस वर्सं काढली तिनं हे." मी त्याच्यापुढं चहा ठेवला. बरं वाटलं मला.

त्याच्या दावणीत मैनेचा खुंटा तसाच आहे, त्याला ते जुनं दावं बांधलेलं. म्हातारा बैलसुद्धा दारच्या लिंबाखाली असतो. परवा अंगद एक कालवड घेऊन आला, एका रात्रीपुरती इथं बांधू का, जागा मोकळीच आहे, म्हणाला.

"ती जागा मोकळी न्हाई," गहिनीनाथ म्हणाला, आणि अंगदनं कालवड पुढं नेली.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. मी तिथंच होतो. वहिनी रोज आधी दावं बघायला मागतात. गहिनीनाथनं फोन खुंट्याकडे धरला. मग आपल्याकडे वळवला आणि घसा खाकरून म्हणाला, "तुझी भाकरी चांगली असायची."

तिकडं वहिनींनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "असं बोलू नगा. भाव वाढंल."

"वाढू दी," तो म्हणाला.